सटवाईच्या आधी कुणी लिहिलं?

पाचवीची रात्र. पाट्यावर सटवाईची पूजा मांडलेली, शेजारी कोरा कागद नि लेखणी. दिवा विझू नये म्हणून आजी जागी. पानशेतच्या डोंगरपट्ट्यातच काय, साऱ्या मावळात जुनी माणसं सांगतात की त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी लिहून जाते. दारिद्र्य ‘पाचवीला पुजलेलं’ म्हणतात ते त्यावरूनच. मग सुटलेलं पोट आणि मधुमेहही तिथंच पुजले जातात का?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं अभ्यासली. तिथलं नवजात बाळ सरासरी 2.7 किलोचं; इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनचं 3.5 किलोचं. पण आपल्या बाळात उणे होते ते मुख्यतः स्नायू. कातडीखालची चरबी बरीचशी राखलेली. दिसायला काटकुळं, आतून चरबीचं! म्हणजे लेखणी पाचवीच्या कितीतरी आधी, पोटातच चाललेली.

जन्मानंतर काय पाजलं, याने ते खोडता येतं? बेलारूसमध्ये 1996-97 साली सुमारे 17 हजार मायलेकरांवर मोठा प्रयोग झाला. काही रुग्णालयांत स्तनपानाला खास उत्तेजन दिलं. तिथं अंगावरचं दूध जास्त काळ पाजलं गेलं, तान्ह्यांचे जुलाब घटले. मात्र साडेअकराव्या वर्षी स्थूलपणा काही कमी आढळला नाही. सहा महिने निव्वळ आईचं दूध हा सल्ला त्याने लंगडा पडत नाही. ‘तू नीट पाजलं नाहीस, म्हणून पोर सुटलं’ हा सासरचा टोमणा मात्र लंगडा पडतो.

कर्मसिद्धान्ताची पंचाईत इथंच होते. न केलेल्या कर्माचं फळ माथी यावं, याला आपले दार्शनिक ‘अकृताभ्यागम’ म्हणत आणि तो दोष मानत. तो टाळायलाच पूर्वजन्म पुढे केला जाई. इथं ताट आईचं, देह लेकराचा. आणि त्या ताटात काय पडावं, हे तरी कुठं तिच्या हाती? सगळ्यांची पानं उठल्यावर ती बसते.

त्याच खेड्यांच्या अभ्यासात, ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या वरचेवर होत्या, त्यांची बाळं जन्मतः अंगाने मोठी निघाली. पानशेतकडे पहिल्या पावसानंतर टाकळा फुकट उगवतो. गरोदर सून तो खुडते, निवडते, लसणाची फोडणी देते, वाढते. मग तव्याला चिकटलेला खरवडून आपल्या भाकरीवर घेते.