निर्मात्याचे स्वातंत्र्य: रास शॉर्टी आय आणि सोका

कलाकृतीच्या स्वायत्ततेची चर्चा मराठी समीक्षेत पुष्कळ झाली. कलावंताच्या स्वायत्ततेची त्या मानाने कमी. ही स्वायत्तता कोणापासून, असे विचारले तर सत्ता, बाजार आणि श्रोता ही परिचित उत्तरे मिळतात. परंतु कलावंताला स्वतःच्या निर्मितीपासूनही स्वतंत्र होता येते काय? त्रिनिदादचे गायक गारफिल्ड ब्लॅकमन (१९४१–२०००) यांच्या वाटचालीमुळे हा प्रश्न अटळ होतो.

ब्लॅकमन 'लॉर्ड शॉर्टी' या नावाने कॅलिप्सो गात. रेगेच्या लोकप्रियतेपुढे हा गानप्रकार क्षीण होत असल्याची जाणीव त्यांना १९७०च्या दशकात झाली. १८४५पासून त्रिनिदादमध्ये आणल्या गेलेल्या भारतीय करारबद्ध मजुरांच्या वंशजांचे संगीत त्यांच्या बालपणापासूनच्या परिचयाचे होते. 'इंद्राणी' (१९७३) या गीतात त्यांनी ढोलक आणि धनताल कॅलिप्सोत आणले. कॅलिप्सो भ्रष्ट केल्याचा आरोप होताच 'एंडलेस व्हायब्रेशन्स'मध्ये (१९७४) त्यांनी ती वाद्ये बाजूला ठेवली; त्यांची लय मात्र ड्रम आणि गिटार यांच्याकडे सोपवली. सोका रूढ झाला तो या रूपात.

ही तडजोड होती, असे वरवर वाटेल. वास्तविक वाद्य ही संस्कृतीची दृश्य खूण असते, तर लय देहात मुरते. खूण नाकारणारा श्रोता लय नकळत स्वीकारून तिच्यावर नाचू लागला. श्रोत्याच्या पूर्वग्रहाला शरण न जाता त्याला वळसा घालण्याचे हे स्वातंत्र्य होय.

दुसरे स्वातंत्र्य अधिक कठीण होते. सोका कार्निव्हलच्या उन्मादाशी एकरूप झाला आणि शॉर्टींची स्वतःची शृंगारिक गाणी व आविष्कारही त्याला पोषकच होते. १९८०च्या सुमारास मात्र ते सहकुटुंब पिपारोच्या रानात राहावयास गेले, 'रास शॉर्टी आय' झाले आणि 'जामू' हे भक्तिपर संगीत रचू लागले. याला केवळ पश्चात्ताप म्हणणे अपुरे आहे, कारण जामूमध्ये सोकाची लय टिकून आहे. त्यांनी नाकारला तो रूपबंध नव्हे, त्याचा विनियोग.

येथे नैतिक पेच उरतोच. रूढ झालेल्या रूपबंधावर निर्मात्याची मालकी राहत नाही. सोका त्यांच्यावाचूनही वाढत राहिला. मग त्याच्या परिणामांचे उत्तरदायित्व त्यांच्यावर कसे? मालकी संपली तरी उत्तरदायित्व संपत नाही, असे शॉर्टींचे उत्तरायुष्य सुचवते. व्यसनांविरुद्ध तरुणांना सावध करणारे 'वॉच आउट माय चिल्ड्रन' हे त्याचेच उदाहरण. इतरांचा सोका त्यांना थांबवता येणारा नव्हता. त्याच लयीतून दुसरे काही म्हणता येते, हे दाखवणे त्यांच्या हाती होते. निर्मात्याचे स्वातंत्र्य बहुधा एवढेच असते, आणि ते थोडे नव्हे.