खेळातील देव आणि गीतेतील ईश्वर

सामर्थ्य वाढले म्हणजे जीव ईश्वर होतो, हा भ्रम मनुष्याच्या मनात फार प्राचीन काळापासून घर करून बसला आहे. हिरण्यकशिपूने तपाच्या बळावर त्रैलोक्य जिंकले आणि सर्वांनी आपलीच पूजा करावी असा हट्ट धरला. परंतु त्याच्याच घरातील एका बालकाच्या अंतःकरणावर त्याची सत्ता चालली नाही. ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तिचा अर्थ मात्र गृहस्थाश्रमात पडल्यावरच कळू लागतो. त्या अर्थाचे चिंतन आज एका अगदी नव्या विषयाच्या निमित्ताने करावयाचे आहे.

आपल्या घराघरांत मुलांच्या हाती आज असे एक साधन आले आहे, की घटकाभर त्यापुढे बसून कोणीही देव होऊ शकतो. संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांत एक प्रकारच असा आहे, की त्यात खेळणारा पर्वत उचलतो, दऱ्या भरतो, समुद्र मागे हटवतो आणि नगरे वसवतो. या प्रकारास इंग्रजीत ‘गॉड गेम’, म्हणजे देवाचा खेळ, असेच नाव आहे. इंग्लंडातील पीटर मॉलिन्यू आणि त्यांच्या बुलफ्रॉग या संस्थेतील सहकाऱ्यांनी १९८९ साली ‘पॉप्युलस’ नावाचा खेळ काढला. तेव्हापासून हा प्रकार विशेष प्रसिद्धीस आला.

त्या खेळाची रचना विचार करण्याजोगी आहे. खेळणारा एका जनसमूहाचा देव असतो. तो भूमी उंच करतो, सखल करतो, सपाट करतो. सपाट भूमी मिळाली की लोक तेथे घर बांधतात. सभोवती जितकी अधिक सपाट जागा, तितके घर मोठे, आणि शेवटी किल्लाही उभा राहतो. लोक वाढले की देवाची शक्ती वाढते. त्या शक्तीने तो भूकंप घडवतो, ज्वालामुखी उठवतो, महापूर आणतो. हे सर्व कशासाठी? त्याच भूमीवर दुसऱ्या एका देवाचे लोक राहतात, त्यांचा निःपात करण्यासाठी!

वाचकहो, हा देव नीट पाहा. त्याची शक्ती भक्तांच्या संख्येवर अवलंबून आहे. भक्त घटले की देवही दुर्बळ झाला. त्याला आपले आणि परके आहेत. त्याला शत्रू आहे, भय आहे, जयाची तृष्णा आहे. आता गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी केलेले स्वतःचे वर्णन आठवा. सर्व सृष्टी त्यांच्या अध्यक्षतेखाली चालते. पण ते त्या कर्मांत गुंतत नाहीत, आणि कोणाही प्राण्याविषयी त्यांच्या ठिकाणी द्वेष वा पक्षपात नाही. तिसऱ्या अध्यायात तर ते सांगतात, की त्रैलोक्यात आपणास मिळवावयाचे काहीही उरलेले नाही, तरीही आपण कर्म करीत असतो. म्हणजे दोघांतील भेद शक्तीच्या प्रमाणाचा नाही. खेळातील देव गरजू आहे, गीतेतील ईश्वर पूर्णकाम आहे. हाच खरा भेद होय.

ज्याला गरज आहे तो कितीही पर्वत उचलो, तो जीवच. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत मिळवलेल्याचे मोजमाप, पुढे मिळवावयाचे मनसुबे, शत्रुनाशाचा अभिमान आणि आपणच ईश्वर असल्याची कल्पना ही सर्व एकत्र येतात. खेळात विजयाच्या भरास आलेल्या मनाची अवस्था याहून फारशी निराळी नसते.

याच मॉलिन्यू यांच्या पुढाकाराने २००१ साली ‘ब्लॅक अँड व्हाइट’ नावाचा दुसरा खेळ आला. त्यात देवाजवळ एक प्रचंड प्राणी असतो. त्याला गोंजारले की केलेले काम तो पुन्हा करतो, मारले की टाळतो. अशा रीतीने तो मालकाचे वळण घेतो. देव दयेने वागला तर त्याचे मंदिर आणि तो प्राणी तेजस्वी दिसू लागतात. क्रूरपणे वागला तर दोन्ही भेसूर होत जातात. कर्माचा संस्कार कर्त्यावरच उमटतो, हा सिद्धांत येथे पडद्यावर डोळ्यांनी पाहावयास मिळतो.

एवढे ऐकून कोणी मुलाच्या हातून खेळ हिसकावून घ्यावयास निघेल, तर तो उतावीळपणा होईल. कारण ‘पॉप्युलस’च्या रचनेतच एक मोठे सत्य दडलेले आहे. त्यातील देव भूमी सपाट करू शकतो. पण कोणा माणसाचा हात धरून त्याच्याकडून घर बांधवून घेऊ शकत नाही. फार तर तो लोकांना एखाद्या दिशेस बोलावू शकतो. घर ते बांधतात, आपल्या गतीने बांधतात. भूमी सिद्ध करणे एवढेच देवाचे काम, आणि त्यासही शक्ती वेचावी लागते.

गृहस्थाचा अधिकार नेमका एवढाच नाही काय? मुलांना अन्न, विद्या, सदाचाराचे वातावरण आणि आपला वेळ देणे, ही भूमी सपाट करणे होय. परंतु आपण तेथे थांबत नाही. मुलाने अमुकच व्यवसाय करावा, मुलीने अमुकच घरी जावे, सुनेने आपल्याच मताने वागावे, अशी घरेही आपणच बांधू पाहतो. ती आपल्या मनासारखी उठली नाहीत, की आपल्या क्रोधाचा भूकंप होतो आणि अबोल्याचा पूर घरात शिरतो. मुले आपले भक्त व्हावीत, त्यांच्या मानण्याने आपली थोरवी वाढावी, ही इच्छा अंतःकरणात असेपर्यंत आपण हिरण्यकशिपूच्याच सिंहासनावर बसलेलो आहोत.

‘तर मग मुलांना मोकाट सोडावे काय?’ असा प्रश्न कोणी करील. नाही. भगवंतांनी अर्जुनाला मोकाट सोडले नाही. त्याच्या रथावर बसून त्यांनी त्याला सर्व ज्ञान दिले, त्याचे संशय फेडले, प्रसंगी कठोर शब्दही वापरले. पण अठराव्या अध्यायात उपदेश संपत आला असता ते म्हणतात, की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे वाग. ज्यांच्या देहात अर्जुनाने सारे विश्व पाहिले, त्यांनी त्याचा निर्णय मात्र त्याच्याकडेच ठेवला! सर्व सामर्थ्य असून दुसऱ्याच्या स्वातंत्र्यास धक्का न लावणे, हे खरे ऐश्वर्य होय.

आज मुलांत अधिक प्रिय असलेला खेळ ‘माइनक्राफ्ट’ हा आहे. स्वीडनमध्ये २००९ साली तो प्रथम लोकांपुढे आला आणि २०११ साली पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे २०२३ साली जाहीर झाले. यात सृष्टी चौकोनी ठोकळ्यांची असते. ते खणावयाचे आणि रचावयाचे. अमुक साधलेच पाहिजे असे बंधन नसते. अशा निर्हेतुक रचण्यात जो आनंद आहे, तो लीलेच्या आनंदाचा अंश आहे. त्याचा अव्हेर करू नये. पण त्याच सृष्टीत क्रीपर नावाचा हिरवा प्राणी निःशब्दपणे जवळ येतो, फुटतो आणि चार दिवस खपून बांधलेली भिंत क्षणात पाडतो. त्या वेळी मुलाकडे पाहावे. जे मूल क्षणभर हळहळून पुन्हा ठोकळे गोळा करू लागते, त्याला समत्वाचा पहिला धडा मिळाला. जे संतापते, जेवण टाकते, झोप टाकते, त्याला आसक्तीने धरले आहे.

२०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात खेळाच्या व्यसनाचा समावेश आहे. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर कर्तव्यांहून खेळ मोठा वाटणे आणि हानी दिसत असूनही न थांबणे, ही त्याची लक्षणे मानली आहेत. विषयाच्या ध्यासापासून बुद्धिनाशापर्यंतची जी पायरी दुसऱ्या अध्यायात दाखवली आहे, तीच ही वाट.

म्हणून प्रत्येक गृहस्थाने एवढे करावे. खेळाची वेळ मुलाशी बोलून ठरवावी आणि ती स्वतःहून पाळण्याची त्याला सवय लावावी. कधी त्याच्या शेजारी बसून त्याने रचलेली सृष्टी आदराने पाहावी. ‘तुझ्या राज्यातले लोक सुखी आहेत काय?’ असे त्याला विचारावे. आणि रात्री निजण्यापूर्वी तोच प्रश्न स्वतःलाही विचारावा. माझ्या घरातील माणसे माझ्या छायेत वाढतात, की माझ्या भयाने वाकतात? मी भूमी सिद्ध केली, की भिंतीही माझ्याच हट्टाने उभ्या केल्या?

खेळातील देव खेळ संपला की पडद्यावरून नाहीसा होतो. घरातील देवपणही असेच एक दिवस उतरवून ठेवावे लागते. ते काळाने हिरावून घेण्यापूर्वी आपण होऊन भगवंताच्या चरणी ठेवावे आणि त्याच्या सृष्टीत निमित्तमात्र होऊन राहावे. अशा घरात प्रल्हादाला खांबातून नरसिंहास हाक मारण्याची वेळ येत नाही. हरिः ॐ तत्सत्।