यात्रेचं फळ आणि सहलीचं मोल

भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असण्याचा प्रघात जुना आहे. मुलांच्या शाळेला सुट्टी रविवारी. त्यात नवरा तिसऱ्या पाळीला चाकणला आणि बायको जनरल शिफ्टला हिंजवडीत असली, की घरातली सगळी माणसं एका वेळी जेवायला बसतील असा वार आठवड्यातून सापडत नाही. पगारी रजेचं प्रमाण १९४८च्या कारखाना कायद्यानं घालून दिलं: कामाच्या २० दिवसांमागे एक दिवस. वर्षाला २४० दिवस भरले तर १२, ३०० भरले तर १५. त्यातले काही दिवस आजारपणात, लग्नकार्यात आणि गावच्या जत्रेत जातात. उरलेल्या पाच-सात दिवसांसाठी निगडी-चिंचवडातलं कुटुंब टूर कंपनीच्या ऑफिसात बसून ठरवत असतं, की सगळ्यात महागडी ग्रुप टूर घ्यायची, साधी घ्यायची, की आपलं आपणच जायचं. कित्येक घरांत चौघांचा खर्च दोन-तीन महिन्यांच्या पगाराला भिडतो. म्हणून हा प्रश्न परवडण्या-न परवडण्याचा वाटतो. मला तो त्याहून खोल वाटतो. पैसे मोजून, वाटाड्या सोबत घेऊन, सगळी काळजी दुसऱ्यावर सोपवून केलेल्या प्रवासाचं फळ आपल्या पदरात पडतं का? आपल्याकडच्या धर्मविचारानं हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे, आणि त्याचं उत्तर आपण समजतो तितकं कर्मठ नाही.

महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी भीष्मांना तीर्थयात्रेचं माहात्म्य सांगतात, तेव्हा ते आधी यज्ञाची अडचण मांडतात. यज्ञाला साहित्य लागतं, द्रव्य लागतं, माणसं लागतात. ते राजाला किंवा श्रीमंताला जमतं, गरिबाला नाही. तीर्थयात्रा गरिबालाही साधते आणि तिचं फळ यज्ञाहून मोठं, असं ते म्हणतात. म्हणजे यात्रा पैशावाचून घडते, हाच तिचा मूळचा दावा आहे. यज्ञात यजमान दक्षिणा देऊन ऋत्विज नेमतो, कर्म ते करतात आणि फळ यजमानाला मिळतं. यात्रेत हा व्यवहार चालत नाही. दुसऱ्यासाठी जाणाऱ्याला सोळावा हिस्सा, दुसऱ्याच कामानं जाऊन ओघात तीर्थ करणाऱ्याला अर्धं फळ, अशी वाटणी धर्मग्रंथांनी केली आहे. वाहनाचा प्रश्नही त्यांनी सोडलेला नाही. मत्स्यपुराणातल्या प्रयागमाहात्म्यात म्हटलं आहे, की ऐश्वर्यानं, लोभानं किंवा मोहानं जो वाहनात बसून जातो त्याची यात्रा निष्फळ. हे वचन पुष्कळदा अर्धवट सांगितलं जातं, आणि मग पाय भाजले नाहीत तर पुण्य नाही असा अर्थ निघतो. पण त्यात तीन कारणं नाव घेऊन दिली आहेत आणि थकवा, वय, आजार त्यांत नाहीत. दोष वाहनावर ठेवलेला नाही. ज्या वृत्तीनं माणूस वाहनात चढतो तिच्यावर ठेवला आहे. महाग सहलीचा निवाडा करायला याहून नेमकी कसोटी मला आढळलेली नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ येईल: आम्ही काश्मीरला किंवा सिंगापूरला मौजेसाठी चाललोय, काशीला नाही, तेव्हा पुण्याची मापं इथं कशाला? आक्षेप रास्त आहे, पण मौज आणि धर्म यांच्यातली भिंत तो समजतो तितकी जाड नाही. आजची मार्गदर्शित सहल जन्माला आली तीच एका नैतिक चळवळीच्या पोटी. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक या बाप्टिस्ट धर्मप्रचारकानं सुमारे ५०० माणसांना एक शिलिंग घेऊन लेस्टरहून लफबरोला आगगाडीनं नेलं, ते दारूबंदीच्या सभेसाठी. कारखान्यांनी भरत चाललेल्या देशात कष्टकऱ्याला गुत्त्याखेरीज विसाव्याची दुसरी जागा असावी, ही त्यामागची तळमळ होती. शिवाय घरातल्यांनी एकमेकांच्या सहवासात काही दिवस काढावेत हा हेतू क्षुल्लक नाही. ज्या पट्ट्यात पाळ्यांनी घरं विभागली आहेत तिथं तर तो गृहस्थाश्रमाचाच भाग झाला आहे. असा हेतू धरून निघालेल्या प्रवासाला, त्याचं फळ पदरात पडलं का, असं विचारणं गैर नाही.

दुसरा समज असा, की ठरवून दिलेल्या वाटेनं, घोळक्यात, कुणाच्या तरी मागे जाणं हाच कमीपणा. खरा प्रवासी एकट्यानं वाट काढतो. हा समज देहू आणि आळंदी यांच्या मधोमध राहणाऱ्यांना तरी शोभत नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५च्या सुमारास पालखी सुरू केली. आज ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून निघणारा सोहळा आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करतो आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यांच्या फाटकांवरून, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं पुण्यात जातो. त्यात चालणारी दिंडी ही पुरेपूर नियोजित, सशुल्क सामुदायिक यात्रा आहे. भिशी भरून नाव नोंदवावं लागतं. सामानाचा ट्रक पुढे जातो, तंबू ठोकले जातात, स्वयंपाकाची आणि टँकरची व्यवस्था असते. कुठं विसावा, कुठं मुक्काम, कुणाच्या पुढे-मागे कोणती दिंडी, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. स्वतः वाट शोधण्याचा प्रश्नच येत नाही, आणि तेवढ्यावरून कुणी वारकऱ्याला कच्चा प्रवासी म्हणत नाही.

मग दिंडीत असं काय आहे जे पैसे भरून घेतलेल्या दुसऱ्या समूहात असेलच असं नाही? माउलींच्या सोहळ्यातली समाजआरती पाहावी. मुक्कामाच्या जागी संध्याकाळी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतो आणि सारा तळ गप्प होतो. फक्त जिची काही तक्रार आहे ती दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा होतो आणि त्यानंतर आरती. एका दिंडीचं गाऱ्हाणं सगळ्यांसमोर ऐकलं जाईपर्यंत लाखोंचा समुदाय थांबतो. शिस्त इथं कडक आहे, पण ती समूहाची स्वतःची आहे. भिशी भरणारा माणूस तिथं गिऱ्हाईक होत नाही. तो टाळ धरतो, दुसऱ्याच्या पाया पडतो, कुणाचं गाठोडं उचलतो. त्यानं पैसे व्यवस्थेसाठी दिलेले असतात. त्या पैशांत इतरांपासून सुटका त्यानं मागितलेली नसते.

वारीचं हे चित्र फार उजळ रंगवलं, असं कुणी म्हणेल, आणि त्याला पुरावाही आहे. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती'तल्या 'वाटचाल' या लेखात आपल्या दिंडीत एकत्र भजन करणारे ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवायला बसत हे नोंदवलं आणि त्याबद्दलची आपली व्यथाही लिहिली. पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. संतांच्या मागे शतकं चालूनही दार आपोआप उघडलं नव्हतं. हे खरं आहे आणि ते झाकू नये. पण या पुराव्यानं माझा मुद्दा पुसला जात नाही, उलट धारदार होतो. कर्व्यांना बोचलं ते तंबू आणि ट्रक नव्हेत, वेगळी पंगत. समूहात राहून समूहापासून अंतर राखण्याची सोय, ही ती बोचणारी गोष्ट.

आता शरीराच्या सोयीकडे येऊ, कारण तिथं आपल्या पट्ट्यातलीच एक परंपरा फार मोलाची साक्ष देते. चिंचवडचे मोरया गोसावी चतुर्थीला मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाला पायी जात. वय झालं, चालणं होईना, तेव्हा देवानंच सांगितलं की आता तू कष्ट घेऊ नकोस, मीच तुझ्याकडे येतो. कऱ्हा नदीत स्नान करताना मूर्ती हाती आली आणि ती चिंचवडला मंगलमूर्ती म्हणून स्थापन झाली, अशी कथा आहे. कथेचा इतिहास काही असो, पिढ्यान्‌पिढ्या पवनेकाठी ती श्रद्धेनं सांगितली जाते, आणि तिच्यात भक्ताच्या गुडघ्यांची कणव आहे. थकलेल्याचे श्रम हलके करणं हे त्या कथेत देवाचं काम आहे. पण देव घरी आला म्हणून वाट बंद झाली नाही, हेही बघायला हवं. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी आजही चिंचवडहून मोरगावला जाते. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी सोय झाली, आणि ज्यांना जमतं त्यांनी ती आपली पळवाट केली नाही.

महागड्या सहलीच्या किमतीत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधून विकल्या जातात आणि बिल एकच येतं, म्हणून आपला गोंधळ होतो. एक गोष्ट म्हणजे भार हलका होणं. सासूबाईंसाठी तळमजल्यावरची खोली, पथ्याचं जेवण, भाषा येत नसलेल्या देशात विमान चुकलं तर धावपळ करणारा टूर मॅनेजर. घरच्या सहलीत हा भार हवेत विरत नाही, तो बहुधा एकाच माणसावर पडतो, आणि मराठी घरांत ते माणूस बहुतेक वेळा बाई असते. चार दिवस महाबळेश्वरला बंगला घेऊन राहायचं आणि तिनं तिथंही ओट्याशी उभं राहायचं, यात तिची सुट्टी कुठं आली? तिचे ते दिवस मोकळे करण्यासाठी जास्तीचे पैसे गेले तर ते सार्थकी लागले असं मी ठामपणे म्हणेन. दुसरी गोष्ट म्हणजे वेगळेपण: निवडक मंडळींचा छोटा ग्रुप, देवळात देणगीची वेगळी रांग, इतर पाहुण्यांपासून दूरचा मजला, परतल्यावर सोसायटीत सांगायचं नाव. मत्स्यपुराणानं ज्याला ऐश्वर्य म्हटलं ते हे. केदारनाथच्या हेलिकॉप्टरमध्ये दोन शेजारी-शेजारी बसलेल्या माणसांचं भाडं सारखंच असतं. पण एकीला गौरीकुंडावरून सोळा किलोमीटरहून अधिकचा चढ या जन्मात झेपणार नाही, आणि दुसऱ्याला फक्त घोड्या-डोलीवाल्यांच्या गर्दीतून जायचं नाही. दोघांना मी एकाच तागडीत तोलणार नाही. छोटा ग्रुप मात्र सरसकट वाईट ठरवू नये. कर्णबधिर मुलाला, चालायला वेळ लागणाऱ्या आजोबांना सोबत घेऊन जाणाऱ्या घरासाठी पंधरा माणसांचा ग्रुप हाच समूह असू शकतो, चाळीसांच्या बसमध्ये ते नुसते मागे पडतात.

सगळ्यात जड आक्षेप अजून राहिला आहे. अशा सहलींचा दिनक्रम ठरलेला असतो: सहाला उठवणी, सातला नाश्ता, आठला बस. वर्षभर पंचिंगच्या वेळेवर जगणाऱ्या माणसानं सुट्टीतही पाळी भरायची, तर त्यानं विकत घेतलं काय? या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, कारण तो बराचसा बरोबर आहे. एका दिवसात पाच ठिकाणं दाखवणारी सहल कितीही तारांकित असली तरी कुटुंबाला एकत्र वेळ देत नाही, बसमध्ये एकत्र झोप देते. पण दोष वेळापत्रकाचा आहे असं मी मानत नाही. दिंडीही पहाटे उठते आणि तिचा दिनक्रम कारखान्याहून कडक असतो. फरक असा, की दिंडीच्या दिवसात माणसाला करायला काहीतरी असतं, आणि हरिपाठाला, जेवणाला, विसाव्याला पूर्ण वेळ असतो. म्हणून बुकिंगच्या टेबलावर हॉटेलचे तारे मोजण्याआधी विचारावं की एका गावात सलग दोन रात्री आहेत का, एखादी दुपार मोकळी आहे का, मुलांना नुसतं बघायचंच आहे की काही करायलाही मिळणार. जिथं ही उत्तरं चांगली मिळतात तिथं पुष्कळदा किंमत मधलीच असते.

कर्ज काढून जावं का, यावर फार बोलायला नको. मनूनं तीन ऋणं फेडल्याशिवाय मोक्षाच्या मागे लागू नये म्हटलं आहे. काश्मीरच्या मागे तरी हप्ते लावून लागू नये. पण एका वर्गाचा विचार टाळता येत नाही. चाकणच्या कारखान्यांत कायम कामगाराच्या शेजारी त्याच लाइनवर कंत्राटी मुलं उभी असतात, मराठवाड्या-विदर्भातून आलेली. त्यांना अशी सहल स्वप्नातही नाही. त्यांना नाही म्हणून इतरांनीही जाऊ नये, असं मी म्हणणार नाही. त्यानं कुणाचं भलं होत नाही. मात्र आपल्या आरामाचा भार जाताना कुणाच्या खांद्यावर गेला, हे पाहण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर येते. दिंडीत भाकरी भाजणाऱ्या बाया पुष्कळदा त्याच दिंडीच्या असतात. सहलीत तो भार ड्रायव्हरवर, क्लीनरवर, आचाऱ्यावर आणि अठरा-अठरा तास जागणाऱ्या तरुण टूर मॅनेजरवर येतो. घाटातली बस चालवणारा माणूस रात्री खोलीत झोपतो की बसच्या सीटवर, त्याला दुसऱ्या दिवशी किती तासांची विश्रांती आहे, हे कंपनीला विचारता येतं आणि विचारायला हवं. ज्या कंपनीच्या महाग दरात त्या खोलीचे पैसे धरलेले असतील, तिला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.