सोबतीची शिस्त

फेब्रुवारी 1915 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने तीन सैनिकांची हकीकत मांडली. तोफगोळे जवळ फुटल्यापासून त्यांची दृष्टी, स्मरणशक्ती, वास आणि चव बिघडली होती. ‘शेल शॉक’ हे नाव त्या लेखातून वैद्यकात रूढ झाले. स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी, असा तेव्हाचा समज होता. पण स्फोटाच्या जवळपासही नसलेले सैनिक तसेच थरथरू लागले, तेव्हा लष्करातल्या अनेकांनी सोपा निष्कर्ष काढला : हे भित्रे आहेत. पलायन, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने त्या युद्धात 306 सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना मरणोत्तर माफी मिळायला 2006 साल उजाडले. एक तर इजा, नाही तर भीती. हा माणूस गेलेल्या मित्रांसाठी झुरत असेल, ही तिसरी शक्यता फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही.

एडिनबरोच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. रिव्हर्स यांनी त्यातल्या त्यात माणुसकीची वाट धरली. नीलगिरीतल्या तोडा समाजाचा अभ्यास केलेला हा मानववंशशास्त्रज्ञ ऐकून घेण्यात मुरलेला होता. आठवणी दाबू नका, बोला, असे ते रुग्णांना सांगत. पण बोलायचे ते डॉक्टरशी, आणि बरे व्हायचे ते पुन्हा आघाडीवर जाण्यासाठी. 1917 मध्ये याच रुग्णालयात सिगफ्रिड ससून आणि विल्फ्रेड ओवेन हे दोन कवी सैनिक भेटले. ससून ओवेनच्या कविता वाचत, सुधारणा सुचवत. दोघेही पुढे लढाईवर परतले आणि शस्त्रसंधीच्या आठवडाभर आधी ओवेन मारला गेला. त्या मैत्रीची नोंद साहित्याच्या इतिहासाने ठेवली. एका रुग्णाने दुसऱ्याला दिलेला आधार हादेखील उपचार असू शकतो, हा विचार वैद्यकात रुजायला मात्र अजून अवकाश होता.

तो विचार आला लष्कराबाहेरून. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावी बिल विल्सन हा काही महिन्यांपूर्वी दारू सोडलेला माणूस, पुन्हा पिण्याची तलफ अनावर झाली तेव्हा दुसऱ्या दारुड्याच्या शोधात निघाला. त्याला उपदेश करण्यासाठी नव्हे, स्वतः टिकून राहण्यासाठी. तसा माणूस त्याला भेटला आणि दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या संघटनेची सुरुवात त्या भेटीतून झाली. आधार देणाऱ्यालाही आधार मिळतो, हे त्यातून दिसले. विल्सन स्वतः पहिल्या महायुद्धात लष्करी अधिकारी होता.

सैनिकांनी ही रीत आपलीशी केली ती व्हिएतनामनंतर. 1970 च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये युद्धाला विरोध करणारे माजी सैनिक आपसात बैठका घेऊ लागले. सरकारी रुग्णालयांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी रॉबर्ट लिफ्टन आणि चेम शटन या मनोविकारतज्ज्ञांना बोलावले खरे, पण वर्तुळात बरोबरीने बसण्यासाठी. डॉक्टरांनाही स्वतःबद्दलच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत. तिथे जे ऐकले त्यावरून 1972 मध्ये शटन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले की, या मुलांच्या आत शोक अडकून पडला आहे, त्याला वाट मिळालेली नाही.

शोक अडकण्याची कारणे युद्धाच्या व्यवस्थेतच होती. व्हिएतनाममध्ये सैनिक साधारण वर्षभराच्या नेमणुकीवर एकेकटा जाई आणि एकेकटा परते. तुकडी मागे राही. मेलेल्या सोबत्याचा देह हेलिकॉप्टरने उचलला जाई आणि उरलेले पुढच्या गस्तीला लागत. दुसऱ्या महायुद्धातले बरेच सैनिक जहाजाने, सोबत्यांच्या संगतीत, सावकाश घरी आले होते; इथे जंगलातला माणूस विमानाने एक-दोन दिवसांत घरच्या अंगणात उभा राही. जोनाथन शे या बोस्टनच्या मनोविकारतज्ज्ञाने 1994 मध्ये आपल्या रुग्णांच्या कहाण्या होमरच्या ‘इलियड’शेजारी ठेवल्या. मारल्या गेलेल्या पॅट्रोक्लस या सोबत्यासाठी अकिलीस सगळ्या सैन्यादेखत रडतो आणि सैन्यही त्याच्याबरोबर रडते. आधुनिक सैनिकाला ती मुभाच उरली नव्हती.

माजी सैनिकांच्या अशा बैठकांच्या रेट्याने 1979 मध्ये अमेरिकी संसदेने त्यांच्यासाठी रुग्णालयांपासून वेगळी, भरवस्तीतली केंद्रे मंजूर केली. तिथले कित्येक समुपदेशक स्वतः माजी सैनिक होते. पुढच्याच वर्षी ‘पीटीएसडी’ म्हणजे आघातोत्तर तणाव विकार हे निदान अमेरिकी मनोविकारशास्त्राच्या अधिकृत सूचीत आले. आजाराला नाव मिळाले, पण त्या नावाचा भर भीतीवर होता : दुःस्वप्ने, दचकणे, टाळाटाळ. शोक पुन्हा कडेला पडला. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाचे स्वतंत्र निदान त्याच सूचीत यायला 2022 उजाडले.

दरम्यान सोबत्यांनी एकमेकांना आधार देण्याची कल्पना अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवांत पोहोचली होती, आणि तिथेच ती वाट चुकली. जेफ्री मिचेल हे एकेकाळी स्वतः आगीवर जाणारे. त्यांनी 1983 मध्ये एक पद्धत मांडली : भीषण घटनेनंतर एक ते तीन दिवसांत सगळ्या तुकडीला एकत्र बसवायचे आणि ठरलेल्या टप्प्यांनी घटनेबद्दल बोलते करायचे. हेतू चांगला होता. पद्धत जगभर पसरली, कित्येक ठिकाणी सक्तीची झाली आणि सोबतीचा एक सरकारी फॉर्म बनला : भरला की काम संपले. एका बैठकीच्या अशा पद्धतीची तपासणी झाली तेव्हा निकाल उलटे आले. वेल्समधल्या भाजलेल्या रुग्णांच्या 1997 सालच्या अभ्यासात, बैठक झालेल्यांपैकी 26 टक्क्यांना 13 महिन्यांनंतर पीटीएसडी होता. न झालेल्यांत 9 टक्क्यांना. हे रुग्ण अग्निशमन दलाचे जवान नव्हते, हा मिचेल यांच्या समर्थकांचा आक्षेप रास्त आहे. तरीही 2005 मध्ये ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शिकेने एका बैठकीचा हा उपाय करू नये, असेच सांगितले.

‘जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे’ असे आपण म्हणतो. कळते हे खरे. पण कळले म्हणजे सावरता आले असे नाही. स्वतःची जखम ओली असलेला माणूस दुसऱ्याचे ऐकता ऐकता स्वतःच बुडू शकतो. ही जाण ज्यांना आली, त्यांनी सोबतीला शिस्त लावली. ब्रिटनच्या रॉयल मरीन्सनी 1990 च्या दशकात घडवलेल्या पद्धतीत तुकडीतलेच प्रशिक्षित सहकारी घटनेनंतर सुमारे तीन दिवसांनी आणि पुन्हा महिन्याभराने सोबत्याशी बोलतात. ते उपचार करत नाहीत. झोप, दारू, अपराधीपणा, एकटेपणा यांची विचारपूस करतात आणि गरज दिसली की डॉक्टरकडे नेतात. अमेरिकेत बॉनी कॅरोल यांचे पती 1992 मध्ये अलास्कातील लष्करी विमान अपघातात गेले. त्याच अपघातात पती गमावलेल्या स्त्रियांच्या सहवासात त्यांना जो आधार मिळाला, त्यातून 1994 मध्ये ‘टॅप्स’ ही संस्था उभी राहिली. तिथे दुसऱ्याला आधार देऊ इच्छिणाऱ्याच्या स्वतःच्या दुःखाला किमान दीड वर्ष उलटलेले असावे लागते. शंभर वर्षांचे शहाणपण या एका अटीत आहे.

11 सप्टेंबर 2001 च्या दहशतवादी हल्ल्यात न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे 343 जण गेले. उरलेले जवान मे 2002 पर्यंत ढिगाऱ्यात आपल्याच माणसांचे अवशेष शोधत राहिले; कित्येकांचे काहीच हाती लागले नाही. असा शोक एका बैठकीत मावत नाही. दलाची समुपदेशन शाखा वाढवली गेली, निवृत्त जवान सोबती म्हणून आले आणि मदत थेट अग्निशमन केंद्रांत जाऊन पोहोचली. अशा सोबत्यांचे काम महिनोन्‌महिने चालते.

आपल्याकडे 14 एप्रिल 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जण गेले; त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. मे 2015 मध्ये काळबादेवीच्या आगीने मुंबई दलाचे चार वरिष्ठ अधिकारी नेले. लष्करात प्रत्येक जवानाला ‘बडी’ म्हणजे जोडीदार असतो, आणि डिसेंबर 2023 मध्ये पुण्यात सैन्यदलांसाठी ‘टेलि-मानस’ या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. फोनवरचा तज्ज्ञ आणि शेजारचा सोबती या दोघांचीही गरज आहे. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक अग्निशमन केंद्रात, पोलीस ठाण्यात, रुग्णवाहिकेच्या तळावर सहकाऱ्यांचा विश्वास असलेली दोन-तीन माणसे निवडावीत. त्यांना प्रशिक्षण द्यावे, या कामाचा वेळ ड्युटीत धरावा, त्यांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ असावा आणि त्यांच्याशी झालेले बोलणे कोणाच्याही गोपनीय अहवालात उतरू नये. ही शेवटची अट पाळली नाही, तर बाकीचा खर्च वाया जाईल, कारण बढती हुकण्याची धास्ती असलेला माणूस तोंड उघडणार नाही.