कीड, ऊन आणि सांवली

योनाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायांत सांवली करणाऱ्या एका वेलाची गोष्ट आहे. पहांटे एका किड्यानें तो वेल पोखरला, आणि दिवस वर येतांच उन्हानें योना मूर्च्छित झाला. आम्हां कोंकणच्या लोकांस ही गोष्ट परकी वाटत नाहीं. माडा-पोफळींच्या बागेंत हे दोन्ही वैरी आम्हीं पाहिले आहेत.

गेंड्या भुंगा शेणाच्या उकिरड्यांत वाढतो व रात्रीं माडाच्या कोंवळ्या कोंबांत शिरतो. इ. स. १९०९ त हा भुंगा रबराच्या रोपांबरोबर सामोआ बेटांत पोंचला, आणि तेथील माडांचा मोठा नाश झाला. त्याच्या एका जखमेनें मोठा माड बहुधा मरत नाहीं. परंतु त्याच जखमेंत सोंड्या भुंगा अंडीं घालतो. अळ्या आंतून गाभा खातात, आणि शेंडा कोलमडेपर्यंत धन्यास कित्येकदां कळतहि नाहीं.

आमच्याच सेवेंतील एक गोष्ट सांगतों. एका गांवीं प्रीतिभोजनाच्या वेळीं नव्यानें आलेल्या एका कुटुंबास पंगतींत वेगळें बसविलें. तें आम्हीं पाहिलें, आणि ‘आज ना उद्यां भरून येईल’ असें म्हणून आम्ही गप्प राहिलों. दोन वर्षांनीं त्या घरीं गेलों, तेव्हां तेथील प्रार्थना बंद पडली होती, व मुलांनीं आम्हांस ओळखलें नाहीं. दोष त्या घराचा नव्हे. जखम मंडळीनें केली, आणि ती उघडी आम्हीं ठेविली.

पोफळीस नैऋत्येचें ऊन सोसत नाहीं. त्या बाजूस खोड पिवळें पडतें, मग करपून तडकतें, व वाऱ्यानें मोडतें. म्हणून शहाणा बागायतदार दक्षिणेस व पश्चिमेस उंच झाडें राखतो, आणि खोडास झांवळ्या बांधतो. नवा विश्वासीहि असाच आहे. भाऊबंदांच्या रागाचें ऊन त्याच्या अंगावर येतें. त्या बाजूस उभें कोणीं राहावें? जुन्या कुटुंबांनींच.

उपदेशकबंधूंनो, बागायतदार प्रत्येक माडाचा शेंडा पाहतो, तारेच्या आंकड्यानें भुंगा काढतो, आणि उकिरडा उपसून अळ्या मारतो. उपासनेंत ज्या घरची जागा रिकामी आहे, त्या घरीं या आठवड्यांत जा. प्रथम क्षमा मागा, मग प्रार्थना करा. योनास वेलाचें दुःख झालें, परमेश्वरास माणसांचें. आपणांस कोणाचें होतें?