पात्र आणि सत्पात्र

ज्याला थंडी वाजते त्यानें ऊब शोधावी, हें पशूलाहि कळतें. परंतु ज्याला थंडी वाजत नाहीं, कधीं वाजणारहि नाहीं, त्याला पांघरूण घालावें, हें मात्र मनुष्यालाच सुचतें. दगडाच्या मूर्तीला तो शाल पांघरवितो. चिंध्यांच्या बाहुलीला दुपट्यांत गुंडाळतो. आणि आतां तर संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या ठिपक्यांनीं काढलेल्या एखाद्या योद्ध्यासाठीं लोकरीची टोपी, केसाळ कातड्याचा झगा आणि गुडघ्यापर्यंत येणारे जोडे शोधण्यांत तो रात्रीचा प्रहर घालवितो. यांतील शेवटचा प्रकार नवा आहे, आणि नव्याला वेडेपणा म्हणणें नेहमींच सोपें असतें. तो खरोखर वेडेपणा आहे काय, आणि नसल्यास त्यापासून आपल्यावर कांहीं कर्तव्य येतें काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या खेळांशीं ज्यांचा परिचय नाहीं अशा वाचकांसाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नांवाचा खेळ ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीनें २००४ सालीं काढला. तो इंटरनेटवरून हजारों लोकांनीं एकत्र खेळावयाचा असून त्यांत प्रत्येक जण आपलें एक पात्र निर्माण करतो व त्याच्या रूपानें एका अद्भुत सृष्टींत वावरतो. २००८ सालीं या सृष्टीला नॉर्थरेंड नांवाचा एक बर्फाळ खंड जोडण्यांत आला. तेथें हिम आहे, गोठलेलें पाणी आहे. पण मौज अशी कीं, तेथली थंडी कोणालाच बाधत नाहीं. उघड्या दंडांनीं हिमांत उभें राहिलेलें पात्र आणि नखशिखांत लोकर पांघरलेलें पात्र यांच्या प्रकृतींत तिळमात्र फरक पडत नाहीं. पूर्वीं चिलखताचें बळ व त्याचें रूप हीं एकमेकांना जखडलेलीं असत. २०११ सालीं अशी सोय झाली कीं, बळ एका चिलखताचें ठेवावें आणि रूप दुसऱ्याचें घ्यावें. तेव्हांपासून वेष जुळविणें ही त्या खेळांतील एक स्वतंत्र कलाच होऊन बसली आहे. हातमोजे एखाद्या गुहेंतून मिळवावे, झगा कोणा राक्षसाला मारून आणावा, कमरपट्टा बाजारांतून घ्यावा, आणि मग या सर्वांचे रंग व घडण एकमेकांस शोभतात कीं नाहीं हें पुन्हां पुन्हां न्याहाळावें, असा हा उद्योग आहे.

यावर एखादा व्यवहारी गृहस्थ विचारील कीं, ज्याला थंडीच वाजत नाहीं त्याला लोकर कशाला? प्रश्न रास्त दिसतो; पण तो आपल्याकडे जरा जपूनच विचारावा. थंडीच्या दिवसांत पंढरपुरास विठ्ठलाच्या मूर्तीला कानपट्टी बांधून उबदार वस्त्रें पांघरवितात, आणि उन्हाळ्यांत तिलाच चंदनाची उटी लावतात. पुण्याच्या सारसबागेंतील गणपतीला थंडी पडली कीं स्वेटर व कानटोपी घालतात, आणि तें रूप पाहावयास लोक मुद्दाम जातात. पाषाण कुडकुडत नाहीं, हें या भक्तांना ठाऊक नसतें काय? तें त्यांना पक्कें ठाऊक असतें. तरीहि पहाटे स्वतःच्या अंगावर कांटा उभा राहिला, कीं त्यांच्या मनांत देवाच्या अंगावरील वस्त्राचा विचार येतो. आपल्याला लागलेली थंडी दुसऱ्यालाहि लागत असेल असें वाटणें, हीच प्रेमाची पहिली पायरी होय. खेळणाराच्या मनांत भक्ति नसेल, परंतु ही पायरी मात्र त्याच्याहि पायाखालीं आहे. बर्फांत उभें असलेलें आपलें पात्र उघडें दिसलें, कीं त्याला चैन पडत नाहीं. खेळाच्या नियमानें त्याच्यावर कांहींच सक्ती केलेली नसतांना तो जें करतो, तें केवळ शोभेच्या जाणिवेनें करतो.

या शोभेच्या जाणिवेला आपल्या शास्त्रकारांनीं औचित्य असें नांव दिलें आहे. काश्मीरच्या क्षेमेंद्रानें अकराव्या शतकांत 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथांत औचित्य हाच काव्याचा प्राण ठरविला, आणि दृष्टांत घेतला तो अलंकारांचाच: गळ्यांत मेखला आणि कमरेला हार घातला तर पाहणारा हंसल्याशिवाय राहणार नाहीं. हा विवेक तीन गोष्टींवर अवलंबून असतो. प्रदेश कोणता, ऋतु कोणता, आणि ज्याच्यासाठीं वेष करावयाचा तो कोण? देश, काल आणि पात्र यांचाच हा विचार आहे. आतां वाचकांच्या लक्षांत येईल कीं, हेच तीन शब्द आपल्याकडे आणखी एका ठिकाणीं एकत्र येतात. गीतेच्या सतराव्या अध्यायांत सात्त्विक दानाचें लक्षण सांगतांना देश, काल व पात्र पाहून द्यावें असें म्हटलें आहे. नाटकांतलें किंवा खेळांतलें तें पात्र, आणि दान घेण्यास योग्य तेंहि पात्रच. मराठी भाषेनें या दोन अर्थांना एकाच शब्दांत नांदविलें आहे. माझ्या मतें सगळ्या प्रश्नाचा उलगडा या एका शब्दांत आहे.

कारण वेष जुळविणाराच्या अंगीं असलेला विवेक आणि दात्याच्या अंगीं असावा लागणारा विवेक हा मुळांत एकच आहे. फरक आहे तो पात्रांत. एक पात्र थंडीनें कधींच काकडणार नाहीं. दुसरें या क्षणींहि काकडत असेल. पहिल्याची सेवा करतां करतां दुसऱ्याची आठवण आपोआप होते, असें मात्र समजूं नये. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्ववेत्त्यानें १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत एका रशियन बाईचें उदाहरण दिलें आहे. नाटकगृहांत बसून ती कल्पित पात्रांच्या दुःखानें रडत असते, आणि बाहेर गाडीवर तिची वाट पाहणारा गाडीवान थंडीनें गारठून मरत असतो. जेम्सनें म्हणून नाटकें बंद करा असें सांगितलें नाहीं. त्याचें म्हणणें इतकेंच कीं, कलेनें जागी केलेली भावना कृतीवांचून विरूं देऊं नये. मग ती कृति घरांतल्या वृद्ध आत्याशीं दोन शब्द प्रेमानें बोलण्याइतकी लहान कां असेना. भावना जागी होऊन पुन्हां निजली, असें वारंवार घडलें तर पुढें ती निजण्यासाठींच जागी होते.

खेळांतल्या वस्त्राला याहून मोठी एक अडचण आहे. त्या खेळांतील पुष्कळशीं मोलाचीं वस्त्रें एकदां एखाद्या पात्राला मिळालीं कीं, त्याच्याशीं कायमचीं बांधलीं जातात. त्यांना तेथें जें नांव आहे त्याचा अर्थच मुळीं 'आत्म्याशीं जखडलेलें' असा आहे. तीं दुसऱ्या कोणाला देतां येत नाहींत. आपल्या पठारावरच्या घोंगडीशीं याची तुलना करावी. दख्खनी मेंढ्यांची लोकर कातरावी, धनगरांच्या घरीं तिचें सूत निघावें, सणगरानें तें मागावर विणावें, त्याला चिंचोक्यांची खळ लागावी, तेव्हां घोंगडी तयार होते. ती पावसांत डोक्यावर, रात्रीं अंगावर आणि बैठकीला अंगाखालीं अशी सर्वत्र चालते. परंतु तिचा खरा मान पाहुणा आला म्हणजे दिसतो. घरधनी ती आपल्या अंगावरून काढतो आणि पाहुण्याला देतो. वस्त्राचें नैतिक मोल त्याच्या उबेंत जितकें आहे, तितकेंच तें अंगावरून काढून दुसऱ्याला देतां येतें, यांत आहे. देवाला वाहिलेलें वस्त्रसुद्धां प्रसाद म्हणून पुन्हां माणसाच्या हातीं येतें. पडद्यावरील झगा मात्र पडद्याबाहेर येऊं शकत नाहीं. तेथून बाहेर येऊं शकते ती एकच वस्तु, म्हणजे तो झगा निवडणारी दृष्टि.

ती दृष्टि बाहेर आली तर तिला या जिल्ह्यांत काय दिसेल? पावसाच्या छायेंतला हा प्रदेश. डिसेंबर-जानेवारींतल्या कोरड्या रात्रीं पारा कित्येकदां दहा अंशांच्याहि खालीं जातो. आणि नेमका हाच काळ ऊंसाच्या गळिताचा. १९५० च्या सुमारास लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि तेव्हांपासून जिल्ह्याच्या बागायती भागाची समृद्धि या पिकाशीं निगडित झाली. परंतु तो ऊंस तोडावयास माणसें येतात तीं पाथर्डीसारख्या तालुक्यांतून व शेजारच्या बीड जिल्ह्यांतून, म्हणजे कोरडवाहू भागांतून. मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायकोची जोडी टोळींत दाखल होते. त्या जोडीला 'कोयता' म्हणतात, जणूं माणसें नव्हेत, हत्यारच मोजलें! तोडलेल्या ऊंसांतली साखर उन्हावाऱ्यानें घटते, म्हणून तो लौकर कारखान्यांत पोंचावा लागतो, आणि म्हणून पुष्कळदां उजाडण्यापूर्वींच फडांत उतरावें लागतें. पांचट व ताडपत्री यांनीं उभारलेल्या कोपींत त्यांचीं मुलें निजतात. देश थंड आहे, काल हेमंत आहे, आणि पात्र कोण, हें निराळें सांगावयास नको.

येथपर्यंत आल्यावर उपदेशकाला एक सोपी वाट मोकळी दिसते. खेळणाऱ्या मुलाला बोलावून त्यानें म्हणावें कीं, 'तूं चित्राला लोकर घालतोस आणि तिकडे माणसें कुडकुडतात, याची तुला लाज वाटावी.' मला ती वाट न्यायाची वाटत नाहीं. उलट, कपडे वांटणारे आपण मोठीं माणसेंच त्या मुलापासून कांहीं शिकूं शकतों. थंडी आली कीं आपल्या घरांतून जुनें कापड बाहेर निघतें. तें कसें असतें? स्वेटराचीं बटणें तुटलेलीं, कोटाची एक बाही उसवलेली. मोठ्या माणसाच्या वांट्याला आंखूड सदरा आणि पोराच्या अंगावर गुडघ्याखालीं लोंबणारें जाकीट. घेणाराचें माप कोणी विचारलें नाहीं, मग त्याची आवड कोण विचारणार! कपाट मोकळें झालें, हाच कित्येकदां आपल्या दानाचा खरा आनंद असतो. आणि इकडे तो मुलगा एका कल्पित अंगाला शोभणारा हातमोजा मिळावा म्हणून तीन रात्री खपतो. झग्याच्या निळ्या रंगाशीं टोपीचा निळा रंग जुळत नाहीं म्हणून ती टाकून दुसरी शोधतो. चित्रासाठीं उत्तम आणि माणसासाठीं उरलेलें, अशी ही वांटणी आहे. गीतेनें तामस दानाच्या लक्षणांत आदराचा अभाव मोजला आहे. आणि माप न विचारतां दिलेलें वस्त्र हा त्या अनादराचा अगदीं रोजच्या पाहण्यांतला नमुना होय.

यावर असा आक्षेप येईल कीं, ऊंसतोड कामगाराला दयेचें वस्त्र नको, योग्य मजुरी व राहावयास धड जागा हवी. हा आक्षेप मला पूर्णपणें मान्य आहे. मजुरी हा हक्क आहे, आणि हक्काचा हिशेब जुन्या स्वेटरांनीं फिटत नाहीं. परंतु औचित्याची दृष्टि हक्काच्या विचाराला विरोधी नाहीं. उलट तीच त्याचा आरंभ करून देते. फडांतल्या बाईकडे ज्यानें 'हिच्या अंगावर या हवेंत काय शोभेल?' अशा बारकाईनें एकदां पाहिलें, त्याला पुढचे प्रश्न चुकवितां येणार नाहींत. ही पहाटे चार वाजतां येथें कां आहे? हिचें मूल रात्रीं कोठें निजतें? घेतलेली उचल हंगामाच्या अखेरीस फिटते कीं तशीच राहते? चित्रांतलें पात्र असले प्रश्न कधींच उभे करीत नाहीं. आपण घालूं तें तें निमूटपणें घालतें. जिवंत पात्र नाकारूं शकतें, निवडूं शकतें, आणि आपण दिलेला रंग मला आवडत नाहीं असेंहि म्हणूं शकतें. तें म्हणण्याचा त्याला अधिकार आहे असें ज्याला वाटतें, त्यालाच पात्रापात्र-विवेक कळला असें म्हणावें.

या जिल्ह्याला २०२४ सालीं ज्यांचें नांव देण्यांत आलें, त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ सालीं जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें एका धनगर घराण्यांत झाला. त्यांनीं बांधलेले घाट व देवळें सर्वांना ठाऊक आहेत. परंतु सर जॉन माल्कम यानें मध्य हिंदुस्थानावरील आपल्या १८२३ सालच्या ग्रंथांत त्यांच्या दानधर्माचे जे लहान लहान तपशील नोंदविले आहेत, ते मला घाटांहूनहि बोलके वाटतात. उन्हाळ्यांत वाटसरूंना पाणी देण्यासाठीं रस्त्यांवर त्यांचीं माणसें उभीं असत. शेतांत राबणाऱ्या बैलांना कामांत थांबवून पाणी पाजीत. आणि थंडीच्या आरंभीं आश्रितांना व दुबळ्यांना कपडे वांटले जात. त्यांतील 'थंडीच्या आरंभीं' हे दोन शब्द लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. पहिला गारवा सुटला तेव्हांच त्या बाईला दुसऱ्याचें उघडें अंग दिसलें. ही तीच दृष्टि आहे, जी बर्फांत उभ्या असलेल्या चित्राला झगा शोधते. मुलांच्या अंगीं ती आहे हें आपण आनंदानें मान्य करावें, तिची थट्टा करूं नये. आणि यंदाच्या थंडींत जुन्या कपड्यांचें गाठोडें बांधण्यापूर्वीं घरांतल्या त्या मुलालाच जवळ बसवून, यांतलें काय कोणाला बसेल व शोभेल, हें निवडावयास सांगावें.