स्थिरतेचे मोल

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन आहेत. एक डोंबिवलीजवळचा, दुसरा घोडबंदर रस्त्यावरचा, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. मी दुसऱ्याचा रहिवासी. इमारतींच्या गर्दीमागे लगेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल असल्याने आमच्याकडे बिबळ्याच्या गोष्टी चवीने सांगितल्या जातात. माझा विषय मात्र बिबळ्या नव्हे. सोसायटीच्या बागेतील कढीपत्ता, लिंबू आणि जास्वंद या झाडांवर जे इवलेसे जग नांदते, त्याची छायाचित्रे टिपण्याचा छंद मला निवृत्तीनंतर लागला. त्या छंदातून एक प्रश्न उभा राहिला. तो वाचकांपुढे ठेवतो.

साधन तसे साधे. क्लोज-अप भिंग कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे फिरवून बसवायचे. चाळिशीच्या चष्म्याला जसा नंबर असतो, तसाच यालाही. चार नंबरचे भिंग लावले की कॅमेऱ्याला दूरचे दिसेनासे होते. पंचवीस सेंटीमीटर वा त्याहून जवळचे तेवढे स्पष्ट होते. त्यातही स्पष्टतेची पट्टी इतकी अरुंद, की मुंगीचा डोळा रेखीव आला तर तिची मिशी धुक्यात हरवते. आपला श्वासदेखील चित्र बिघडवतो. गरज एकच : किड्याने क्षणभर स्थिर राहावे. आणि तेवढेच तो करीत नाही.

यावर छंदिष्टांमध्ये एक जुना उपाय प्रचलित आहे. किडा डबीत घालून काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा. त्याच्या शरीराची ऊब बाहेरच्या हवेवर अवलंबून असल्याने तो गारठून निपचित होतो. मग पानावर हवा तसा मांडावा, छायाचित्र घ्यावे. ऊब मिळताच तो चालू लागतो. मीही हे केले. खंडोबाच्या घोड्याचे नखाएवढे पिल्लू, पुढचे पाय जोडून जणू प्रार्थनेत मग्न, असे माझे एक छायाचित्र पॅरिशच्या सणाला फलकावर लागले. मिस्सा संपल्यावर पुष्कळांनी त्यापुढे थांबून माझ्या संयमाची वाहवा केली. मी हसून ती स्वीकारली.

पुढच्याच आठवड्यात दुसरे पिल्लू डबीत ठेवले, तेवढ्यात पाहुणे आले आणि मी विसरलो. सकाळी दह्याच्या भांड्यामागे पत्नीला ती डबी सापडली. पिल्लू मेले होते. ती काही बोलली नाही, डबी धुऊन ठेवली.

आता कोणी म्हणेल, एका किड्याचे एवढे काय? डेंग्यूच्या दिवसांत डास मारताना मी क्षणभरही थांबत नाही, आणि थांबूही नये असेच माझे मत आहे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला की माळी फवारणी करतो, तेव्हाही मी गप्प असतो. निसर्ग तरी कोठे दयाळू आहे? खंडोबाचा घोडा पकडलेली माशी जिवंतपणीच खाऊ लागतो, हे मी भिंगातून पाहिले आहे. परंतु त्याला भूक असते. माझ्या डबीतले पिल्लू कोणाच्या भुकेसाठी वा आरोग्यासाठी मेले नाही. त्याची मिशी धूसर येऊ नये म्हणून मेले.

हा मोह माझ्यापुरता नाही. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या जगाचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मुंगीचे चित्र आहे. मेण वा डिंकाने पाय चिकटवले तरी ती वळवळे, मारली तर आकार बिघडे. अखेर त्याने तिला मद्यार्कात बुडवून बेशुद्ध केले आणि चित्र काढले. तासाभराने ती शुद्धीवर येऊन पळाली, असे त्यानेच नोंदले आहे. मला त्याच्या कृतीपेक्षा त्या नोंदीचे कौतुक वाटते. चित्र कसे मिळाले हे त्याने लपवले नाही. मी लपवले. पिल्लाचा जीव गेला तो निष्काळजीपणाने. पण फलकापुढे जी वाहवा मी घेतली, ती पूर्ण शुद्धीत घेतली. जे पिल्लू गारठून बधिर झाले होते, त्याला लोकांनी प्रार्थनामग्न मानले, आणि मी मानू दिले.

आमच्याच रस्त्यावर पुढे ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे. तेथील फुलपाखरांच्या बागेला जाळी नाही. सुरवंटांना लागणारी झाडे लावली, फुले लावली आणि वाट पाहिली. फुलपाखरे आपणहून आली. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉरमॉन लिंबाच्या कुळातील झाडांवर अंडी घालते, हे कळल्यापासून आमच्या लिंबाकडे मी निराळ्याच आशेने पाहतो. अजून आलेले नाही.

डिसेंबरात पहाटे, उन्हे येण्यापूर्वी, किडे गारव्याने आपोआपच मंद असतात. पंखांवर दव असते. जे फ्रिजने केले ते तेथे पहाट करते. फक्त उठावे मला लागते, गुडघे मला दुखतात. दहातली नऊ छायाचित्रे वाया जातात. फ्लॅशचा झोत त्यांच्या डोळ्यांवर मारावा की नाही, याचा निर्णय अद्याप झालेला नाही. तूर्त तो घरी ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात कढीपत्त्यावर तसलेच एक पिल्लू दिसले. पाऊण तास ओणवा होतो. ऐन बटण दाबताना त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. डोके हललेले ते छायाचित्र या वर्षी फलकावर लावणार आहे, आणि त्याखाली आदल्या चित्राची हकीकतही लिहिणार आहे.